देवडी ते माजघर : नाशिककडच्या पेशवाई वाड्यांतला खालचा चाकर

पेशवाईच्या उत्तरार्धात नाशिककडे मोठ्या घरांची दाटी झाली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन गंगापुरास राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या. राघोबादादांचा वाडा शहराच्या पश्चिमेला गोदेच्या काठी. आनंदीबाईंच्या नावावरून ते गाव आनंदवल्ली झाले आणि १७९४ मध्ये बाईंची अखेरही तिथेच झाली. भर शहरात सरकारवाडा, मालेगावास नारोशंकर राजेबहाद्दरांचा किल्ला, विंचूर-येवल्याकडे विंचूरकर, चांदवडला होळकरांचा रंगमहाल. या घरांतल्या धन्यांचे स्वभाव, हट्ट आणि वैरे यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या घरांत पाणी कोणी भरले, दिवट्या कोणी धरल्या आणि उष्टी कोणी काढली, ही चौकशी मात्र बहुधा तळटीपेत उरकली जाते.

आधी ‘खालचा चाकर’ म्हणजे कोण ते ठरवू. फडावरचा कारकून, कोठीवाला, मुदपाकखान्याचा दरोगा, पागेचा पागनीस हेही चाकरच. पण त्यांच्या हाताखाली माणसे होती, हिशेबात त्यांची नावे पुरती लिहिली जात, आणि वेळप्रसंगी इनामाची आशा होती. जुन्या जमाखर्चांत ‘शागीर्दपेशा’ या सदराखाली जी मंडळी येतात, ती निराळी : हुजरे, खिजमतगार, फरास, मशालजी, पखालजी, पाणके, भोई, मोतद्दार. त्यांच्याही खाली कुणबिणी आणि पोरगे, म्हणजे घरातले गुलाम. या सगळ्यांचे काम दुसऱ्याच्या अंगाशी, अन्नाशी, उजेडाशी, पाण्याशी किंवा शेणाशी होते, आणि त्यांच्या हुकमात कोणीही नव्हते. ज्याला हुकूम सोडायला घरात कुत्र्याखेरीज कोणी नाही, तो खालचा चाकर, अशी व्याख्या मी धरतो.

या वर्गाने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. तो कागदावर तीनच रीतींनी येतो. एक, खर्च म्हणून : अमक्यास शिधा, तमक्यास पागोटे. दोन, मालमत्ता म्हणून : कुणबीण विकत घेतली, आंदण दिली, पळून गेली. तीन, गुन्हा किंवा अपघात म्हणून : चोरी झाली, मारामारी झाली, कोणी जळाले. गो. स. सरदेसायांनी १९३०नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले. ते चाळणाऱ्याला चाकर भेटतो तो असाच, धन्याच्या वाक्यात मधेच. ना. गो. चापेकरांनी घरगुती जमाखर्चांवरून ‘पेशवाईच्या सावलीत’ लिहिले, तेव्हा प्रथमच स्वयंपाकघराच्या खर्चालाही इतिहासाचा मान मिळाला. नाशिककडच्या घरांची रीत या कागदांतल्या रीतीहून वेगळी असण्याचे कारण नव्हते. पेशव्यांच्या खासगीतले कारखाने गावोगाव त्याच नमुन्यावर चालत, आणि सरदार मंडळी खासगीचीच नक्कल करीत.

आता खरा प्रश्न. या चाकरांत वर-खाली कशाने ठरत होते? सर्वसाधारण समज असा की काम जितके घाणेरडे तितका माणूस खाली, आणि धन्याच्या जितका जवळ तितका वर. हुजऱ्याचा तोरा आणि झाडूवाल्याची पायरी पाहून हे पटतेही. पण सगळी घडण तपासली की हा हिशेब जुळत नाही. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : मोबदला कोणत्या रूपात मिळतो, हाताचा विटाळ कुठपर्यंत चालतो, आणि चाकरी सोडून जाता येते की नाही. यांतली तिसरी निर्णायक. ती धरली की उतरंड बरीचशी उलटी होते. घरात जो जितका आतपर्यंत पोचलेला, त्याची सुटका तितकी अवघड.

पाणी आणि विटाळ

वाड्याची रचनाच या उतरंडीची मांडणी करते. दरवाजातून शिरताच दोन्ही अंगांना देवड्या, तिथे पहारेकरी. मग पहिला चौक. तिथपर्यंत घोडा, पालखी, भोई, मशालजी. त्यापलीकडे सोपा आणि दिवाणखाना : फरास, हुजरे. दुसऱ्या चौकाशी माजघर, कोठार, स्वयंपाकघर, देवघर. शेवटी परसू, आड, मोरी, गोठा आणि मागचे दार. नाशिकचा सरकारवाडा आजही पाहता येतो. काळ्या दगडाचे उंच जोते, लाकडी खांब आणि चौक पाहून बाहेर पडणाऱ्याने एकदा मागच्या अंगाकडेही जावे. चाकराचा वाडा तिकडून सुरू होत असे.

या घरात पाणी एक नव्हते. घोड्यांना, बागेला, रस्त्यावर सडा मारायला पखालीचे पाणी चाले. पखाल चामड्याची आणि ती वाहणारा बहुधा मुसलमान. त्याची हद्द पहिल्या चौकात संपे. आंघोळीचे आणि वापरायचे पाणी कुणबी बायका आडावरून शेंदत. स्वयंपाकाचे आणि देवाचे पाणी मात्र ब्राह्मण पाणक्याने, ओल्या नाहीतर सोवळ्याच्या धोतराने, तांब्याच्या घागरीतून आणायचे. गोदेचा घाट चढून घागर खांद्यावर घेऊन येणारा हा पाणक्या गरीब, बहुधा कोकणातून किंवा घाटावरच्या खेड्यातून आलेला. जातीने धन्याच्या बरोबरीचा आणि मिळकतीने पखालजीच्या शेजारचा. वाटेत कोणाचा धक्का लागला की घागर ओतायची आणि पुन्हा घाट उतरायचा. त्याच्या जातीने त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेले, आणि तीच जात त्याला दिवसातून कितीतरी वेळा नदीपर्यंत परत पाठवीत राहिली.

भांड्यांचे पाहा. पंगत उठली की उष्टी काढणे, जमिनीला शेण फिरवणे आणि खरकटी भांडी परसात नेऊन राखेने घासणे हे कुणबिणीचे काम. घासलेली पितळी तिने मोरीच्या काठावर उपडी ठेवायची आणि मागे सरायचे. मग घरातल्या सोवळ्यातल्या बाईने त्यांवर पाणी ओतून ती आत घ्यायची. तोवर ते भांडे घासलेले असे, पण शुद्ध झालेले नसे. म्हणजे तेच काम दोघींनी केले. एकीची मेहनत आणि दुसरीचा हात. हा दुसरा हात पुष्कळदा घरातल्याच एखाद्या विधवेचा असे. दूरच्या नात्यातली, सोवळी, एकवेळ जेवणारी, पहाटेपासून चुलीशी बसलेली ही बाई कोणत्याही हिशेबात चाकर म्हणून लिहिलेली सापडत नाही, कारण तिला काही द्यायचेच नसे. नाशिक क्षेत्र, आयुष्याची अखेर गंगेकाठी व्हावी म्हणून अशा बायका इथे पुष्कळ येत. वारावर जेवणारे वैदिक विद्यार्थीही याच काठावरचे : जेवण धर्माचे, पण त्यापोटी निरोप पोचवणे, फुले आणणे, पत्रावळी लावणे हे ओघाने आलेच. नाते आणि चाकरी यांच्यामध्ये असा एक मोठा वर्ग आहे. त्याला वगळून केलेली चाकरांची मोजदाद अपुरी राहते.

महार आणि हलालखोर यांची जागा या रचनेच्या पार बाहेर. एकाने मोळी देवडीबाहेर टाकायची, दुसऱ्याने मागच्या बोळातून येऊन शेतखाना साफ करायचा. अपमान सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला. याच शहरात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह का करावा लागला ते इथे समजते, कारण वाड्याच्या दारांचे आणि देवळाच्या दारांचे शास्त्र एकच होते. पण त्यांची बांधीलकी मुख्यतः गावाशी, वतनाशी आणि जातीशी होती; एखाद्या घराच्या मालकीची ती माणसे नव्हती. संध्याकाळी ती आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत जात. धुणी धुणारा परीट, न्हावी, माळी यांचेही तेच. स्वतःचे चूलखंड असणे ही चाकरवर्गातली मोठीच दौलत, आणि ती बाहेरच्यांकडे होती.

मोबदला

मोबदल्याचे तीन भाग : नक्त, शिधा, कापड. नक्त म्हणजे रोकड, आणि तीच सर्वांत बेभरवशाची. महिना ठरलेला असे. पण पेशवाईत दहामाही, अकरामाही अशी पद्धत होती. चाकरी बारा महिने, पगार दहाचा किंवा अकराचा. राहिलेले महिने सरकारच्या सोयीत विरघळत. शिवाय थकबाकी. मोहिमेहून सरदार खंक होऊन परतला की प्रथम शिलेदाराची तोंडे बंद करायची, कारण तो धरणे धरून बसे. पाणक्या कसले धरणे धरणार? हाती पडलेला रुपयाही पुरता नसे. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया या भागात चाले, पण नाणी अनेक होती आणि एकाच्या बदल्यात दुसरे घेताना सराफ बट्टा कापी. धन्याच्या लाखांच्या हुंडीवरचा बट्टा इतिहासकार मांडतात. तीन रुपयेवाल्याला तो जास्त लागत असणार, हे सांगायला कागद नको.

म्हणून चाकराचा खरा पगार पोटात आणि अंगावर होता. शिध्यात धान्य, डाळ, मीठ, कधी तेल-तूप. कोठीतून मापून, कोठीवाल्याच्या मर्जीच्या मापाने. वर्षाला पागोटे, धोतरजोडा, बाईला लुगडे, थंडीला पासोडी. सणावारी पोस्त. दिवाळीची पोस्त आजही नाशिकच्या सोसायट्यांत भांडीवाली मागते आणि तिला ती मिळते; बोनस म्हणून ती कायद्याने लागू झालेली नाही, ही वाड्याची रीत आहे. या पद्धतीचा एक फायदा नाकारता येत नाही : दुष्काळात रोकडवाला उपाशी मेला, शिधेवाला जगला. धारण वाढली तरी शेर तेवढाच मिळे. पण शिध्याला एक गाठ बांधलेली आहे. रोकड साठवता येते, दुसऱ्या गावी नेता येते, तिच्यावर चार महिने नवी चाकरी शोधता येते. जेवण साठत नाही. ज्याचा सगळा मोबदला जेवणात, तो आज चाकरी सोडली तर आज रात्रीच उपाशी.

मशालजीचा हिशेब या दृष्टीने बोलका आहे. एका हातात चिंध्या गुंडाळलेली दिवटी, दुसऱ्यात तेलाची बुधली. पालखीच्या पुढे धावत जायचे आणि धावता धावता ज्योतीवर तेल सोडायचे. कपडे तेलकट, केस भाजलेले, झोप दिवसाची. तेल कोठीतून मोजून मिळे आणि खर्ची पडे. त्यातले थोडे तो राखीत असे, असा संशय प्रत्येक धन्याला. संशय खरा असावा. मी त्याला चोरी म्हणायला तयार नाही. दहामाहीचे उरलेले दोन महिने माणूस कुठूनतरी भरून काढणारच. मशालजी पुष्कळ बाबतींत हीन धरला गेला, तरी त्याच्या अंगी एक कसब होते आणि हे कसब कुठल्याही वाड्यात खपे. धनी बदलणे त्याला शक्य होते.

कुणबीण

या सगळ्याच्या उलट टोकाला कुणबीण. ती माजघरात वावरे, बाळंतिणीच्या खोलीत असे, मालकिणीचे केस विंचरी, पोरे सांभाळी. तिला घरातले सगळे ठाऊक. बाहेरून पाहणाऱ्याला ती घरचीच वाटे. आणि तीच सर्वांत खाली होती, कारण ती विकत घेतलेली होती.

कुणबिणी यायच्या चार वाटा. दुष्काळात आईबापांनी किंवा भुकेपोटी बाईने स्वतःच विकणे. मोहिमेत धरून आणणे. व्यभिचाराचा, म्हणजे कागदोपत्री ‘शिंदळकी’चा ठपका येऊन सरकारने गुलाम करणे. आणि कुणबिणीच्या पोटी जन्म. तिसरी वाट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. पुरुष बहुधा दंड भरून सुटे. बाई किल्ल्यावर, कोठीत, थट्टीत किंवा दारूखान्यात जाई, नाहीतर कोणा सरदाराला दिली जाई. न्याय आणि मनुष्यबळाचा पुरवठा एकाच कारकुनाच्या लेखणीतून होत असे. सरकारला धान्य निवडायला, जनावरांचे शेण काढायला, दारू कुटायला माणसे नेहमीच लागत. अशा वेळी गुन्हे सापडायला वेळ लागत नाही.

खरेदीला कागद होई, विक्रीवर जकात घेतली जाई. वय, बांधा, रंग आणि मुख्य म्हणजे जात लिहिली जाई. जात महत्त्वाची, कारण ती पाण्याला आणि भांड्याला हात लावणार. खालच्या जातीची बाई कुणब्याची म्हणून विकली, आणि पुढे ते उघडकीला आल्यावर घेणाऱ्या घराला प्रायश्चित्त घ्यावे लागले, अशी प्रकरणे दप्तरांत आहेत. त्या कागदांत घराच्या शुद्धीची काळजी पानभर असते. बाईचे पुढे काय झाले, ते एका ओळीतही नसते. लेकीच्या लग्नात कुणबीण आंदण देण्याची चाल होती. पुण्याहून नाशिकला सून आली की तिच्याबरोबर तिच्या माहेरची एक बाईही येई. सुनेला माहेर उरे आणि सणाला जाणे-येणे असे. त्या दुसरीचे माहेर मात्र त्या दिवशी संपलेले.

तिचे खालचेपण कामाच्या घाणीत नव्हते. फरासाला गालिचे, पाणक्याला पाणी, मोतद्दाराला घोडा. प्रत्येकाच्या कामाला हद्द होती आणि हद्दीबाहेरचे सांगितले तर तो कुरकुरू शकत असे. कुणबिणीच्या कामाला हद्दच नव्हती. घरातले कोणीही, दहा वर्षांचे पोरही, तिला काहीही सांगू शके. रात्रीचेही. धन्यापासून झालेली मुले ‘लेकावळे’ म्हणून वाड्यातच वाढत. धाकट्या चाकरीची, क्वचित शिपाईगिरीची जागा त्यांना मिळे, वारसा मिळत नसे. त्यांच्यातल्या मुली बहुधा आईच्याच जागी जात.

सुटका होत असे, हे नोंदवले पाहिजे. म्हातारी झाली, डोळ्यांनी दिसेना, काम होईना, तर सोडल्याचे दाखले आहेत. बदली दुसरी कुणबीण देऊन नातलगांनी सोडवून नेल्याचेही आहेत. पहिल्या प्रकाराला दया म्हणावे की खर्चकपात? ज्या वयात पोटाला घालावे लागते आणि काम मिळत नाही, नेमके त्याच वयात दयेचा पाझर फुटतो. काही घरांनी म्हातारीला मरेपर्यंत पोसलेही. घर बघून नशीब. नियम म्हणून काही नव्हते, आणि खालच्या चाकराच्या आयुष्याचे मर्म याच अनियमात आहे.

कंपनीचे अधिकारी १८१८नंतर इथे आले, तेव्हा त्यांनी दख्खनच्या गुलामगिरीबद्दल बऱ्यापैकी सौम्य मत दिले. आयुक्त चॅप्लिनच्या १८२२च्या अहवालाचा सूर असा की हिंदू घरांत गुलामांना ममतेने वागवतात, ते वंशपरंपरागत चाकरांसारखेच असतात. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांशी तुलना केली तर हे खोटे नाही. चाबूक आणि बेड्या हे वाड्याचे रोजचे साधन नव्हते. पण चॅप्लिनने विचारले कोणाला? दिवाणखान्यात बसून धन्याला विचारले की माजघरात ममताच आढळते. शिवाय ममता आणि मालकी एकत्र नांदू शकतात. किंबहुना घरगुती गुलामगिरी त्यांच्या संगनमतानेच चालते. ‘आमच्या घरचीच आहे’ म्हणणारा तिला पगार देत नाही.

चाकराच्या निष्ठेचा आणि बेइमानीचा सर्वांत गाजलेला दाखला ३० ऑगस्ट १७७३चा. आनंदवल्लीच्या धन्याच्या नावाला कायमचा चिकटलेला नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात झाला, तेव्हा मारेकऱ्यांना सामील तुळाजी पवार चाकर होता, आणि नारायणरावांच्या अंगावर पडून मेलेला चाफाजी टिळेकरही चाकरच. धन्यांच्या भाऊबंदकीत दोघांनाही बाजू घ्यावी लागली. एक मारला गेला, दुसऱ्याला पुढे पकडून ठार करण्यात आले. राघोबादादा मात्र दहा वर्षांनी कोपरगावला अंथरुणावर वारले. त्या दुपारी दासीही कापल्या गेल्या. टिळेकराचे नाव शाळकरी पोराला ठाऊक असते, दासींची नावे कोणाच्या तोंडी नाहीत.

वाडा मोडल्यावर

वर मांडलेल्या मताची परीक्षा १८१८ने घेतली. बाजीराव जूनमध्ये शरण जाऊन ब्रह्मावर्ताला गेले, नाशिकची सरकारी घरे कंपनीकडे आली, सरदारांची खासगी आखडली. आता सुटले कोण आणि अडकले कोण? ज्यांच्या हाताला कसब होते आणि ज्यांना निदान थोडी रोकड मिळत होती, ते पांगले : आचारी पंचवटीतल्या यात्रेकरूंच्या स्वयंपाकाला, मोतद्दार आणि मशालजी छावण्यांकडे. पुढे देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी झाली, तेव्हा तिथल्या बंगल्यांनाही पाणी भरणारे आणि भांडी घासणारे हात लागले. परीट, न्हावी, हलालखोर यांना गिऱ्हाईक बदलले एवढेच. १८६४ला नगरपालिका झाल्यावर हलालखोर तिचा नोकर झाला, आणि हलक्या का होईना, पण ठरलेल्या पगाराच्या यादीत गेला. माजघरातली माणसे जागची हलली नाहीत. १८४३च्या कायद्याने गुलामावरची मालकी कोर्टात चालेनाशी झाली, १८६०च्या दंडसंहितेने खरेदी-विक्री गुन्हा ठरला. पण कोर्टात जायचे तर आधी जेवायला दुसरीकडे असावे लागते. विकत घेतलेली बाई ‘जुनी बाई’ झाली. तिची मुले-नातवंडे परसाशेजारच्या खोलीत राहिली, सणाला पोस्त घेत राहिली, बदल्यात वाड्याचे काम करीत राहिली.

ती खोली पुढे महत्त्वाची ठरली. विसाव्या शतकात वाड्यांच्या धन्यांनी चौकाभोवतीच्या खोल्या भाड्याने दिल्या, आणि १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला असे संरक्षण दिले की तो पाच-दहा रुपयांत पिढ्यान् पिढ्या टिकला. संरक्षण भाडेकरूला होते. चाकरीपोटी राहणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही, कारण तो भाडे देत नाही. त्याचे राहणे हा त्याच्या मोबदल्याचाच भाग, चाकरी संपली की तेही संपते. आज जुन्या नाशकात वाडा पाडून इमारत उठवायची ठरते, तेव्हा बिल्डरशी बोलणी करायला मूळ मालकाचे वारस येतात आणि भाडेपावत्या जपून ठेवलेले भाडेकरूही येतात. परसाशेजारच्या खोलीतले घराणे कधीकधी या दोघांहून जुने असते. पण त्याच्याजवळ पावती नसते, कारण पावती देण्याजोगे काही त्याच्याकडून कधी घेतलेलेच नव्हते.